चर्चा: आकाशात अणुबॉम्ब फुटला तर केळीबागेचं काय?

केळीवाला (रावेर): काल पारावर एक फॉरवर्ड फिरत होता: उंचावर अणुस्फोट झाला की आयनोस्फिअरला (हवेच्या वरच्या, विद्युतभारित थराला) कायमचं भोक पडतं, पाऊस संपतो. पावसाचं सोडा, ढग फार खाली असतात. पण धोका खरा आहे. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटाच्या वर ४०० किमी उंचीवर १.४ मेगाटनचा 'स्टारफिश प्राइम' हा अणुबॉम्ब फोडला, तर चौदाशे किमीवरच्या हवाईत रस्त्यावरचे तीनेकशे दिवे गेले!

भुसावळकर: काय सांगस भाऊ! दिवे आयनोस्फिअरमुळे गेले नाहीत. गॅमा किरणांनी खालच्या हवेतले इलेक्ट्रॉन उडवले, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात वळले, त्याचा तो झटका. आयनोस्फिअरचं दुखणं निराळं. त्याचा तळचा डी थर जास्त आयनित होतो, म्हणजे त्यात सुटे इलेक्ट्रॉन वाढतात, आणि तो रेडिओच्या शॉर्टवेव्ह लहरी गिळून टाकतो. ऑगस्ट १९५८ चा अमेरिकेचा 'टीक' बॉम्ब ७७ किमीवर फुटला तेव्हा पॅसिफिकमधला रेडिओ संपर्क काही तास बंद पडला. तासच! पुढे इलेक्ट्रॉन-आयन परत जुळतात. हा थर सूर्य रोज बनवतो, रात्री तो विरतो. म्हणून तर आजोबांच्या रेडिओवर दिवसा जळगाव आणि रात्री कुठकुठली परकी स्टेशनं खरखरायची. कसलं भोक?

केळीवाला: भोक नाही, मान्य. पण त्या स्फोटाचे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात अडकून वर फिरत राहिले, त्यांचं काय? टेलस्टार हा दळणवळण उपग्रह दुसऱ्याच दिवशी उडाला आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये कायमचा गप्प झाला. आता हवामानाचा अंदाज, जीपीएस, सगळं वरूनच येतं. करप्याची फवारणी मी अंदाज बघून ठरवतो.

धुळ्याची ताई: दोघेही वरच बघताय. २२ ऑक्टोबर १९६२ ला सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर २९० किमी उंचीवर ३०० किलोटनचा स्फोट केला. खाली ५७० किमी लांबीच्या टेलिफोन लाइनचे फ्यूज उडाले. लांब तार म्हणजे अँटेनाच की. आपल्याकडे डीपीपासून विहिरीपर्यंत ताराच तारा.

भुसावळकर: ताई, मागच्या मृगात आमच्या पंपाचा स्टार्टर जळला. झाकण काढलं तर कॉन्टॅक्टमध्ये पाल, भाजून काळी. आम्हाला बॉम्ब कशाला लागतो? शिवाय १९६३ च्या अणुचाचणीबंदी करारानंतर असल्या उंचावरच्या चाचण्या थांबल्या.

धुळ्याची ताई: चाचण्या थांबल्या, बॉम्ब कुठे संपले? आणि पाल एकच स्टार्टर जाळते, भाऊ.