बुद्धिबळात वेळ फुकट जातो म्हणणाऱ्यांना

गॅलरीतला_पट
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "बुद्धिबळ खेळून माणूस फक्त बुद्धिबळात हुशार होतो. त्यापेक्षा मुलांना पोहायला पाठवा, निदान जीव तरी वाचेल." खाली धडाधड अंगठे पडले. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझे वडील लालबागला गिरणीत, साचेखात्यात. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा. महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. मग अर्धी चाळ गावाला गेली. आम्ही राहिलो, कारण गावाला आमचं काहीच उरलं नव्हतं. वडील सवयीने पहाटे उठायचे, दाढी करायचे आणि गॅलरीत येऊन बसायचे. शेजारच्या खोलीतले तात्या पट घेऊन यायचे. काळ्यांचा एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी शिवणाच्या दोऱ्याचं रिकामं रीळ. डाव मांडताना वडील ते रीळ कोपऱ्यातल्या घरात अंगठ्याने दाबून बसवायचे, हलू नये म्हणून. समोरच्या चाळीत त्या वर्षी दारूने दोन संसार गेले. आमच्या गॅलरीत दुपारी बारा ते चार कोणी जागचं उठलं नाही. तो वेळ फुकट गेला असं मला कोणी सांगायचं नाही.

हिशेबनीस
वडिलांबद्दल आदर ठेवून बोलतो. ग्रुपवरचे गृहस्थ चूक बोललेले नाहीत. इंग्लंडमध्ये 100 प्राथमिक शाळांची पाहणी झाली, 2016 ला अहवाल आला. निम्म्या शाळांत मुलांना शाळेच्या वेळात बुद्धिबळ शिकवलं, निम्म्यांत नाही. पुढच्या वर्षी गणिताची परीक्षा घेतली तर फरक शून्य. त्याच्याही आधी, 1973 मध्ये, विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की खऱ्या डावातला पट मास्टरला पाच सेकंद दाखवला तर तो बरीचशी मोहरी आठवून जागेवर लावतो. तीच मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली की त्याची गत नवख्यासारखी होते. म्हणजे स्मरणशक्ती वाढत नाही, पट ओळखीचा होतो. आणि आमच्या गल्लीतला क्लासवाला "एकाग्रता वाढेल, गणित सुधारेल" असा फलक लावून पालकांकडून फी घेतो. माझा राग त्याच्यावर आहे.

गॅलरीतला_पट
पोहण्याने गणित सुधारतं का, हे कोणी विचारतं का? पेटीवादनाने? बुद्धिबळानेच दरवेळी दाखला काढून का दाखवायचा?

हिशेबनीस
हा मुद्दा मान्य करावा लागतो. पण पोहण्याच्या क्लासच्या फलकावर गणित लिहिलेलं नसतं, एवढं तुम्हीही मान्य करा.

देशीपट
तुम्ही दोघं ज्याबद्दल भांडताय तो आपला खेळच नाही. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं त्या घरचं मोहरं होतं, उठसूट वजीर नाही. आणि प्यादेमात केली तर गाव नाव काढायचं. मीर सुलतान खान याच पद्धतीत तयार झाला आणि विलायतेत जाऊन 1929 ला तिथलं अजिंक्यपद घेऊन आला. आता पोरं पंधरा-पंधरा चाली पाठ करून येतात आणि सोळाव्या चालीला चाचपडतात. हा वेळ फुकटच म्हणायचा.

चाळीतली_लेक
मी करी रोडची, त्याच संपातली. पहिली पोस्ट तीनदा वाचली. दुपारी बारा ते चार गॅलरीत कोणी उठलं नाही म्हणता. तीनला पाणी यायचं, ते भरलं कोणी?

माझी आई खानावळ चालवायची. 1975 ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते तिच्यासारख्याच बायकांसाठी. संपात जेवणारे गडी गावाला गेले, त्यांची उधारी वहीत राहिली आणि वाण्याची उधारी आईच्या माथ्यावर. मग ती पापड लाटायला लागली. मी अकरा वर्षांची, लाट्या तोडून द्यायचे. हाताला उडदाचा आणि पापडखाराचा वास, शाळेतसुद्धा जायचा नाही. बाबा दाराबाहेर पटावर. आईने रॉकेलच्या रांगेत उभं राहा म्हणून हाक मारली की आतूनच ऐकू यायचं, "शह बसलाय, थांब." शह बसलेला असायचा खरा. रांगेत मी उभी राहायचे.

गॅलरीतला_पट
माझ्या वडिलांबद्दल असं बोलू नका. तो माणूस सहा वर्षांनी गेला, खचून गेला. तुम्हाला त्यांची काय कल्पना?

चाळीतली_लेक
मी माझ्या वडिलांबद्दल बोलतेय. तुम्हाला तुमचे आठवले, त्याला मी काय करू?

हिशेबनीस
ताई, पण बायकांना कोणी अडवलं नव्हतं. 1974 ला महिलांचं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद वासंती खाडिलकरांनी घेतलं. मागोमाग जयश्री आणि रोहिणी. रोहिणी तर 1976 ला पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. तुमच्याच मुंबईच्या.

चाळीतली_लेक
त्या घरात मुलींसमोर पट मांडला गेला. मी गॅलरीत बसायला गेले तर "पोरींनी मध्ये बसू नये, लक्ष उडतं" म्हणून उठवलं. तीन बहिणींची नावं सांगून माझ्या चाळीतल्या तीस मुलींचा हिशेब लागत नाही. नाव हिशेबनीस घेतलंय तर तो मांडा.

सदाशिव_पेठ
मध्ये बोलते. जुलै 2025 मध्ये दिव्या देशमुख जॉर्जियात बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकली, नागपूरची पोर, एकोणीस वर्षांची. आम्ही घरात सगळे रडलो. दुसऱ्या दिवसापासून नातेवाइकांचे फोन: "तुमचीने का सोडलं?" सहा वर्षं मी लेकीला रेटेड, म्हणजे खेळाडूचं गुणांकन ठरवणाऱ्या, स्पर्धांना नेलं. पालकांना हॉलमध्ये सोडत नाहीत, आम्ही जिन्यात बसायचो. हरलेलं पोर बाहेर आलं की बाप आधी चालींची वही ओढून घेतो. पाण्याची बाटली त्यानंतर. हे मी एकदा नाही, प्रत्येक स्पर्धेत पाहिलं. शेवटी एक दिवस माझाच हात वहीकडे गेला आणि त्या दिवशी आम्ही थांबलो. खेळ वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही.

गॅलरीतला_पट
काल रात्री बदलापूरला आईला फोन केला. पाणी कोण भरायचं, विचारलं. म्हणाली, "मीच. तिसऱ्या मजल्यावर. तुझ्या बाबांना मी मुद्दाम उठवत नव्हते. उठले असते तर कुठे गेले असते ते मला ठाऊक होतं." इतकी वर्षं मी ती गोष्ट वडिलांची म्हणून सांगत आलो. तिचं नाव त्यात एकदाही घेतलं नाही. ताई, एवढं तुमचं खरं. पण फुकट गेला हे मी अजूनही मानत नाही, आणि आईही मानत नाही.

चाळीतली_लेक
तुमच्या आईने स्वतः ठरवून दिला तो वेळ. माझ्या आईला कोणी विचारलं नाही. दोन्हींत फरक आहे, तो राहू दे.

फुकट गेला असं मीही नाही म्हणणार. बाबा त्या वर्षात एकदाच हसलेले आठवतात, ते त्या पटावर. मला आजही खेळता येत नाही. घोडा अडीच घरं चालतो म्हणायचे. त्यातलं अर्धं घर कुठलं, असं मी तेव्हा विचारलं होतं. कोणी सांगितलं नाही.

देशीपट
अर्धं घर नसतंच, ती बोलायची रीत आहे. दोन घरं सरळ आणि मग एक घर बाजूला, डावीकडे किंवा उजवीकडे. मध्ये कोणी असलं तरी वरून उडी मारतो. काळ्या घरातून निघालेला घोडा पांढऱ्याच घरात पडला पाहिजे, त्यावरून चाल ताडून बघा. देशीत आणि विलायतीत दोन्हींकडे घोडा सारखाच चालतो.