चेंबर घासतोय म्हणून इंजिन उचलू नका

भाऊ, दुसरं जुनं डिझेल इंजिन पिकअपमध्ये बसलं, पण ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या पट्टीला) घासतोय म्हणताय. फाउंडेशनखाली, म्हणजे इंजिनच्या रबरी बैठकीखाली, पॅकिंग देऊ नका, कळकळीने सांगतो. मी तेच केलं होतं. पुढून इंजिन वर गेलं की गिअरबॉक्सचं शेपूट खाली झुकतं, प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) अँगल बिघडतो. खंबाटकीच्या चढाला खालून कडकड आवाज आला. साताऱ्यात उघडलं तर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसच्या बेअरिंगच्या सुया पार पिठूळ! इंजिनं एकाच जातीची असतील तर तुमच्या मूळ इंजिनचा चेंबर लावा, पण त्याच्याच स्ट्रेनरसकट (तेल ओढणाऱ्या जाळीसकट). नुसता चेंबर बदलला तर स्ट्रेनर तळाला टेकतो किंवा अधांतरी राहतो, मग ऑइल प्रेशर जातं. आणि आरसीवर इंजिन नंबर आरटीओतून बदलून घ्याच.