मदत हवी आहे: छोट्या अल्बर्टच्या प्रयोगाचा तक्ता

पाटीपेन्सिल:
अभिजात अभिसंधान (दोन गोष्टी जोडीने देत गेलं की एकीचा प्रतिसाद दुसरीलाही मिळू लागणं) शिकवण्यासाठी वॉटसन आणि रेनर यांच्या १९२० च्या प्रयोगाचा तक्ता करायचा आहे. त्यात रुग्णालयातल्या 'अल्बर्ट' या बाळाला मोठा आवाज करून पांढऱ्या उंदराची भीती शिकवली होती. कच्चा मसुदा असा: पांढरा उंदीर अनभिसंधित उद्दीपक (न शिकवताच प्रतिसाद घडवणारा), आवाज अभिसंधित उद्दीपक (जोडीने शिकल्यावर प्रतिसाद घडवणारा), रडणं ही प्रतिक्रिया. उंदीर आणि आवाज यांची जोडी किती वेळा दिली? ससा-कुत्र्याची भीती आपोआप पसरली असं लिहू का? आणि भीती शेवटी घालवली का?

घंटानाद:
तक्ता उलटा झालाय. शिकवण्याआधी बाळ कशाला घाबरत होतं ते बघा, लगेच सुटेल. साधारण ९ महिन्यांचा असताना त्याला उंदीर, ससा, कुत्रा, माकड, मुखवटे, कापूस दाखवला, भीती नाही. त्याच्यामागे टांगलेल्या ४ फुटी पोलादी कांबीवर हातोडा हाणला की मात्र दचकायचा, रडायचा. म्हणजे आवाज अनभिसंधित. उंदीर आधी तटस्थ, जोड्या दिल्यावर अभिसंधित. रडणं एकाच रकान्यात कोंबू नका: आवाजाला रडणं अनभिसंधित प्रतिसाद, नुसत्या उंदराला रडणं अभिसंधित.

जोड्या एकूण ७. अकरा महिने ३ दिवसांचा असताना २, आठवड्याने ५. त्यानंतर आवाजाविना उंदीर दिसताच तो रडून रांगत पळू लागला. 'एकदाच घाबरवलं' असं बरेच जण लिहितात, ते चूक.

तिसरा रकाना:
ससा-कुत्र्याबाबत जपून. उंदराच्या जोड्यांनंतर ५ दिवसांनी ससा, कुत्रा, फरकोट दाखवले तेव्हा तो घाबरला. ठोकळ्यांशी मात्र खेळत राहिला. इथपर्यंत उद्दीपक सामान्यीकरण (मिळत्याजुळत्या गोष्टींनाही तोच प्रतिसाद) लिहा. पण पुढे आणखी ५ दिवसांनी प्रतिसाद फिका पडलेला दिसला, तेव्हा उंदरासोबत पुन्हा कांब वाजवली, आणि ससा व कुत्रा समोर असतानाही वाजवली. त्यामुळे त्या दोघांच्या नंतरच्या नोंदी सामान्यीकरणाचा स्वच्छ पुरावा नाहीत. शिवाय तोंडात अंगठा असला की भीती दिसेना, तो काढावा लागे. हे वर्गात जरूर सांगा, सरळसोट सूत्राला चांगला धक्का बसतो.

भीती घालवलीच नाही. महिनाभराच्या खंडानंतर प्रतिसाद होता, पण सौम्य. मग मूल रुग्णालयातून गेलं.

पाटीपेन्सिल:
मग 'विलोपन' (शिकलेला प्रतिसाद मिटणं) रकाना रिकामा ठेवू? महिनाभरात फिकी झाली म्हणजे विलोपनच ना?

घंटानाद:
नाही. आवाज न देता उंदीर पुन्हापुन्हा दाखवला आणि प्रतिसाद घटला, तर विलोपन. नुसता काळ लोटणं वेगळं. रकाना ठेवा, 'केलं नाही' लिहा.

त्याखाली मेरी कव्हर जोन्स यांचा भीती घालवण्याचा १९२४ चा प्रयोग घ्या: २ वर्षे १० महिन्यांचा पीटर आणि ससा. तिथे प्रति-अभिसंधान (भीतीच्या गोष्टीची सुखद गोष्टीशी जोडी) आहे. मूल आवडीचं खात असताना पिंजरा लांबून जवळ आणायचा. सुरुवातीला ससा पिंजऱ्यात आणि खोलीत कुठेही असला तरी भीती, मग १२ फुटांवर, ४ वर, ३ वर सहन होणं, आणि शेवटी सशाला बोटं चाटू-कुरतडू देणं. अशा १७ पायऱ्या. मधे मोठ्या कुत्र्याने घाबरवल्यावर गाडी बरीच मागे आली होती. इथली हमखास चूक घाई. ससा फार लवकर जवळ आणला तर जोडी उलटी बसते आणि मूल खाण्यालाच घाबरायला लागू शकतं.

पाटीपेन्सिल:
कळलं. तक्ता पुन्हा आखून इथेच टाकते.