स्टर्नड्राइव्ह खाऱ्या पाण्याने खाल्ला जातोय, काय करावं? (मुंबई हार्बर, बोट मूरिंगवर)

खाडीकाठ:
नमस्कार मंडळी. आमची २४ फुटी फायबरची बोट ऑक्टोबर ते मे गेटवेसमोर मूरिंगवर (पाण्यातच बांधून) असते. स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीमागे पाण्यात उतरून प्रोपेलर फिरवणारा भाग, मर्क्रूझर अल्फा वन. शनिवार-रविवार मांडवा, क्वचित खांदेरीपर्यंत. पावसाळ्यासाठी बोट वर घेतली तेव्हा ड्राइव्हच्या खालच्या भागावर रंग फुगलेला दिसला. नखाने उचकटला तर आत पांढरी पूड आणि बारीक खड्डे. स्टीलचा प्रोपेलर मात्र ठणठणीत. ड्राइव्ह झिजू नये म्हणून लावलेली झिंकही (जस्ताचे तुकडे) अगदी नव्यासारखी आहेत, त्यामुळे ती बदलत नाही. यार्डवाले म्हणतात, तळाला मारतो तोच रंग ड्राइव्हला मारून देतो. चालेल का? की दुसरा कुठला घ्यावा?

जुना_तांडेल:
दादा, आधी यार्डवाल्यांना थांबवा! तळाच्या रंगात बहुतेक वेळा तांबं असतं, क्युप्रस ऑक्साइड. ड्राइव्ह अ‍ॅल्युमिनियमचा. खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारी अ‍ॅल्युमिनियम ठेवलं की अ‍ॅल्युमिनियमच झिजणार. ड्राइव्हला तांबंविरहित, अ‍ॅल्युमिनियमसाठीचाच अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग) घ्या. खड्डे घासून साफ करा, उघड्या धातूवर इपॉक्सी प्रायमर मारा आणि मगच रंग. तळाचा रंगही ड्राइव्हच्या बैठकीपासून निदान दीड इंच लांब थांबवा.

पण मला खरी काळजी तुमच्या झिंकची वाटते. सबंध मोसम पाण्यात राहून झिंक नव्यासारखं असेल, तर ते कामच करत नव्हतं. त्याने झिजायचं, म्हणजे ड्राइव्ह वाचतो. स्टीलचा प्रोपेलर आणि अ‍ॅल्युमिनियमचा ड्राइव्ह एकमेकांना जोडलेले, भोवती समुद्राचं पाणी, म्हणजे चालू बॅटरीच झाली. तीत झिंक खर्ची पडलं नाही तर ड्राइव्ह पडतो. तुमचा प्रोपेलर ठणठणीत आहे तो त्यामुळेच.

झिंक खोलून मागची बाजू बघा. तिथे रंग किंवा खार बसला असेल तर धातूला धातू टेकतच नाही. मग मल्टिमीटर लावा, एक टोक झिंकला, दुसरं ड्राइव्हच्या उघड्या धातूला. एक ओहमच्याही आत रीडिंग यायला हवं. त्यानंतर ड्राइव्हपासून इंजिनच्या निगेटिव्हपर्यंत तसंच तपासा. ड्राइव्हचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या छोट्या वायरी असतात, त्यातली एक जरी तुटली तरी पलीकडच्या भागाला संरक्षण उरत नाही.

उधाणवेळ:
तांडेलकाकांशी सहमत. माझी भर: नवीन बसवताना झिंकऐवजी अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड (ड्राइव्हऐवजी झिजणारे तुकडे) घ्या. पावसात खाडीचं पाणी मचूळ होतं, त्यातही ते चालतात. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी, ते इथे नको. अर्धा झिजला की बदलायचा आणि त्यावर रंगाचा थेंबही नको.

तुमच्या बोटीला मर्कॅथोड (विजेने ड्राइव्हची झीज रोखणारं उपकरण) आहे का? तो बॅटरीवर चालतो. मेन स्विच बंद केल्यावर त्याचा पुरवठा तुटत असेल, तर आठवडाभर मूरिंगवर तो मेलेलाच राहतो. त्याची वायर थेट बॅटरीला हवी, मध्ये फ्यूज ठेवून.

रेवस_बंदर:
मी तर मूरिंगवर ड्राइव्ह वर उचलूनच ठेवतो. पाण्यातच नसेल तर झिजेल कसा?

जुना_तांडेल:
पूर्ण बाहेर येत असता तर मीही तेच केलं असतं. पण स्टर्नड्राइव्ह उचलला तरी त्याचा काही भाग पाण्यातच राहतो आणि काही अ‍ॅनोड मात्र बाहेर येतात. शिवाय बेलोजचं (ड्राइव्ह आणि बोट यांमधल्या घडीच्या नळीचं) रबर सतत दुमडलेलं राहतं आणि घडीत बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे जीव) धरतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. बेलोज फाटला तर पाणी थेट गिंबल बेअरिंगवर (ड्राइव्हकडे जाणारा शाफ्ट पेलणाऱ्या बेअरिंगवर), आणि पुढे बोटीत. खालीच ठेवा.

गोड्या पाण्याने धुणं हवंच. पण मूरिंगवरच्या बोटीला ते रोज कुठून जमणार? म्हणून सगळी भिस्त अ‍ॅनोडवर. आता वर आहे तोवर मफ (ड्राइव्हच्या पाणी घेण्याच्या भोकांवर बसणारे, नळी जोडलेले रबरी कप) लावून, आधी पाणी सुरू करून मगच इंजिन, असं दहा-पंधरा मिनिटं आयडलवर चालवा. कोरडं चालवलंत तर पंपाचा इंपेलर जाईल. गिअर ऑइल काढून बघा, दुधाळ असेल तर सील गेलंय.

खाडीकाठ:
काका, झिंक खोललं. मागे राखाडी रंगाचा जाड थर! मागच्या वर्षी दुसऱ्या एका यार्डात काम झालं होतं, त्यांनी रंगावरच बसवलेलं. मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. थर घासून चकाकता धातू काढला, झिंक परत टेकवलं, तर ०.३ ओहम. गिअर ऑइल स्वच्छ आहे. बेलोजला घडीत एक चीर दिसते, आरपार नाही.

जुना_तांडेल:
चीर आरपार नसली तरी बेलोज आत्ताच बदला. ड्राइव्ह उतरवावाच लागेल, तेव्हा गिंबल बेअरिंग हाताने फिरवून बघा आणि ग्रीस भरा. अ‍ॅनोड सगळेच नवीन घाला, जुन्यांवर रंगाचे शिंतोडे उडालेले असणार. नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात गेली की महिन्याभराने डुबकी मारणाऱ्या पोराला अ‍ॅनोडचा फोटो काढायला सांगा. पृष्ठभाग खडबडीत, खाल्ल्यासारखा दिसला पाहिजे.