घरी राहणारी नवी आई आणि नव्या मैत्रिणी: तुमची ओळख कशी झाली?

माझं बाळ आता सव्वा वर्षाचं झालंय. नोकरी सोडून पूर्णवेळ घरी राहायचं मी विचार करून ठरवलं होतं. जागरणं, दूध, ताप, सगळ्याची तयारी मनाने केली होती. दिवस दिवस मोठ्या माणसाशी बोलणंच होणार नाही, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. जुन्या मैत्रिणी आहेत, जिवाभावाच्या आहेत. पण मी दुपारी जरा मोकळी व्हायचे तेव्हा त्या कामात, आणि त्या मोकळ्या होईपर्यंत माझे डोळे मिटलेले.

चौथ्या महिन्यात एकदा कुरिअर देणारा मुलगा आला. सही करताना मी त्याला विचारलं, बाहेर ऊन कसं आहे? "कालच्यापेक्षा बरं आहे," म्हणाला आणि गेला. दार लावून मी तिथेच उभी राहिले. दुपारचे चार वाजले होते आणि नवरा सकाळी बाहेर पडल्यापासून माझ्याशी बोललेलं हे पहिलं माणूस होतं. दुसऱ्या दिवसापासून ठरवलं, बाळ झोपलेलं असो की रडत असो, साडेपाचला बागेत जायचं.

तिथे एक जण रोज दिसायची. दीड-दोन आठवडे आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसायचो. मग एकदा तिच्या बाबागाडीच्या पट्ट्याचं बक्कल उघडेना. आत बाळ रडून लालबुंद. तिने त्याला कसंबसं पट्ट्यांतून ओढून काढलं, न विचारता माझ्या हातात दिलं, केसातली पिन काढली आणि बक्कलच्या खाचेत रुतलेला बारीकसा खडा उकरला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, मी तुझं नावही नाही विचारलं!" आज आठवड्यातले चार दिवस तरी आम्ही भेटतो.

मानसशास्त्रातला एक जुना अभ्यास नंतर वाचनात आला. लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कुणाची कुणाशी मैत्री झाली ते पाहिलं आणि 1950 साली ते प्रसिद्ध केलं. शेजारचं दार आणि जाता-येता लागणारा जिना यांचा त्यात फार मोठा वाटा निघाला. वाचून मला हायसं वाटलं. इतके महिने मला वाटत होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी कुणाच्या रोजच्या वाटेत येत नव्हते, एवढंच होतं.

तुमचं कसं झालं? जमलं नसेल तर तेही लिहा. त्याचाही कुणाला तरी आधार होईल.

*

मला माझी मैत्रीण लसीच्या वेळापत्रकाने दिली. आमच्याकडे बाळाला 6, 10 आणि 14 आठवड्यांना बोलावतात. म्हणजे ज्या दोन बाळांचा जन्म एकाच आठवड्यातला, त्यांच्या आया तीनदा समोरासमोर येणारच. सहाव्या आठवड्यात आम्ही दोघी रडवेल्या होतो, कुणीच बोललं नाही. दहाव्या आठवड्यात तिने शेजारची खुर्ची ओढली आणि विचारलं, "तुमचं रात्री किती वेळा उठतं?" मी खरं ते सांगितलं, पाच वेळा. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "माझं सहा."

चौदाव्या आठवड्यात मी तिची वाट बघत बसले. ती आलीच नाही. बाळाला ताप होता म्हणून तारीख पुढे गेली होती, पण मला हे कळणार कसं? नंबर घेतलाच नव्हता. घरी येऊन मी रडले. पुढच्या आठवड्यात वजन करायचं निमित्त काढून त्याच वारी, त्याच वेळी परत गेले. होती ती. पहिल्या भेटीतच नंबर मागा, अगदी कळकळीने सांगते.

*

आमची लिफ्टमध्ये. तिच्या खांद्यावर दुधाचा ओघळ, माझ्याही. ती माझ्याकडे बघून हसली आणि मी माझा मजला सोडून तिच्याबरोबर वर गेले.

*

मी अबोल आहे, म्हणून माझ्यासारख्यांसाठी जरा सविस्तर लिहिते. ओळख व्हायची, पण नंतर माझं घोडं अडायचं. कुणाशी दहा मिनिटं बोलून घरी आले की रात्री उजळणी सुरू. मी जास्त बोलले का? बाळाच्या पोटाचं कशाला सांगत बसले? तिने मध्येच घड्याळ पाहिलं, म्हणजे कंटाळली असणार. मग दुसऱ्या दिवशी मी वेळ बदलून जायचे, ती भेटायला नको म्हणून. असं तीन जणींच्या बाबतीत केलं.

हे मी धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं. तिने मला एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचून दाखवला. अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलायला लावून नंतर दोघांनाही विचारलं, समोरचा तुम्हाला किती आवडला, आणि तुम्ही त्याला किती आवडला असाल? आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज लोक कमीच करत होते. प्रत्यक्षात ते समोरच्याला त्याहून जास्त आवडलेले असायचे. वाचून झाल्यावर बहीण म्हणाली, "ताई, त्या तिघी तुला आवडल्या होत्या ना? मग तू यायची बंद झालीस तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतके दिवस मी फक्त माझाच विचार करत होते.

चौथीला मी टाळलं नाही. रात्री मेसेज टाकला, "आज बोलून बरं वाटलं. बुधवारी त्याच वेळी येणार आहे." आणि फोन उशीखाली सरकवला. सकाळी बघते तर उत्तर रात्री 2 वाजून 40 मिनिटांनी आलेलं. तीही तेव्हा पाजत बसली असणार. लिहिलं होतं, "कुणीतरी असं म्हणेल याची मी वाट बघत होते."

अजून एक. दहा जणींच्या घोळक्यात माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. बाबागाड्या ढकलत दोघींनीच चालायचं, हे मला मानवलं. चालताना सारखं एकमेकींच्या डोळ्यात बघावं लागत नाही आणि मध्ये बोलणं थांबलं तरी अवघड वाटत नाही.

*

सगळं गोड नसतं, हेही इथे असू दे.

आमचा सात जणींचा गट होता. सुरुवातीला खूप छान. मग कुणाचं बाळ पालथं पडलं, कुणाचं बसलं, कुणाचं चाललं याच्याच बातम्या. माझा मुलगा चौदा महिन्यांचा झाला तरी चालत नव्हता आणि रोज कुणीतरी विचारायचंच, "अजून नाही?" त्या 'अजून'ची मला धास्ती बसली. आमच्या डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेचा 2006 चा तक्ता दाखवला. आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ साधारण 8 महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत असतो. मी तो तक्ता गटात टाकला. एकीने लिहिलं, "मनाची समजूत घालायला ठीक आहे." मी त्याच मिनिटाला बाहेर पडले.

या गटात सगळ्यांची बाळं रात्रभर झोपायची, फक्त माझं नाही. बाहेर पडल्यावर तीनेक आठवड्यांनी त्यातली एक माझ्या घरी आली. आत यायच्या आधी, चपला पायात असतानाच म्हणाली, "माझी झोपत नाही गं. मी इतके महिने खोटं सांगत होते." आम्ही दोघी दारातच रडलो. माझा मुलगा साडेपंधरा महिन्यांचा असताना पहिली पावलं टाकत गेला तो तिच्याकडे.

*

मी बाबा आहे. इथे लिहिलं तर चालेल ना? बायको नोकरी करते, मी मुलीसाठी घरी असतो. मी बाकावर बसलो की शेजारच्या आया बाळं उचलून पलीकडे जायच्या. मी त्यांना दोष देत नाही, परक्या पुरुषाशी बोलताना बाई सावध असणारच. पण नऊ महिने हेच चाललं होतं आणि मला त्याचा त्रास व्हायचा. नातवाला घेऊन येणाऱ्या एका आजींनी ते ओळखलं. त्यांनी सरळ सगळ्यांना हाक मारली, "अगं पोरींनो, हा रोज एकटाच बसतो, याला तुमच्यात घ्या की!" पुढच्या रविवारी मी बायकोला घेऊन गेलो, सगळ्यांशी ओळख करून दिली. आता त्यातल्या दोन घरांशी आमचा घरोबा आहे. एकटा बाप दिसला तर त्याला बाळाचं वय तरी विचारा.

*

माझं बाळ दहा आठवड्यांचं होतं. बागेतली एक जण, तेव्हा मैत्रीण नव्हतीच, तोंडओळख, मला म्हणाली, "काल तुझ्या अंगावर हेच कपडे होते. परवाही. बरी आहेस ना?" आधी मला अपमान वाटला. मग बाकावर बसून मी तिला सांगितलं की बाळ रडलं तरी मला काहीच वाटत नाही. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ती ऐकत राहिली. उपदेश नाही, "असं नसतं बोलायचं" नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली आणि मी आत असताना माझं बाळ घेऊन बाहेर फेऱ्या घालत राहिली.

डॉक्टरांनी दहा प्रश्नांचा कागद भरायला दिला. त्याला एडिनबर्ग प्रश्नावली म्हणतात, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला 1987 पासून वापरात आहे. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं खूप जणींना होतं आणि ओसरतं. दोन आठवड्यांच्या पुढे टिकलं तर मात्र डॉक्टरांना सांगायचं. मला हे माहीतच नव्हतं, मी आठ आठवडे उशीर केला होता. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बाळंत झालेल्या सुमारे 13 टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, मुख्यतः नैराश्य. म्हणजे बागेत पंधरा नव्या आया असतील तर त्यात एक-दोघी माझ्यासारख्या असू शकतात. मी औषधाने आणि समुपदेशनाने बरी झाले. पण त्या दारापर्यंत मला तिने नेलं, आणि हे मी जन्मात विसरणार नाही.

*

मुलीला ऐकू येत नाही हे कळलं आणि आधीच्या मैत्रिणी हळूहळू कमी बोलायला लागल्या. काय बोलावं ते त्यांना सुचत नसणार, दुष्ट कुणीच नव्हतं. माझ्या आत्ताच्या मैत्रिणी थेरपीच्या बाहेरच्या खोलीतल्या. मुलगी श्रवणयंत्र सारखं ओढून फेकायची. तिथल्या एका आईने आपल्या बाळाची मान वळवून मला दाखवलं, यंत्राला बारीक दोरी, दोरीच्या टोकाला चिमटा आणि चिमटा मागच्या बाजूने कॉलरला. "ओढलं तरी हरवत नाही," म्हणाली आणि पर्समधून जास्तीचा चिमटा काढून मला दिला. त्या क्षणी मला किती सुटल्यासारखं वाटलं, ते शब्दांत सांगता येत नाही.

*

माझा मुलगा आता कॉलेजात आहे. त्याच्या पाळण्याच्या वयातली मैत्रीण अजून माझी मैत्रीण आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते.

मुलांची गट्टी जमायलाच हवी, हा हट्ट धरू नका. दोन वर्षांच्या आसपासची मुलं बहुतेक एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने 1932 मध्येच हे नोंदवून ठेवलंय. आमची दोघं तर पाच वर्षांची होईपर्यंत भांडतच होती. आम्ही भेटत राहिलो.

दुसरं, घाई करू नका. जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या अभ्यासात ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात आणि जवळची मैत्री व्हायला 200 हून जास्त, असं आढळलं. बागेतला रोजचा अर्धा तास धरला तर पहिल्या 50 तासांनाच शंभर दिवस लागतात, आणि त्यातही कुणाला सर्दी, कुणाचे दात येताहेत. बाळ लहान असताना ठरलेल्या भेटी रद्द होतातच. आम्ही एक नियम केला होता. रद्द करणारीने त्याच फोनवर पुढचा वार सांगायचा. "बघू पुन्हा केव्हातरी" म्हणायचं नाही. केव्हातरी म्हटलं की राहून जातं, हा माझा दुसऱ्या दोन मैत्रिणींच्या बाबतीतला अनुभव आहे आणि ते मला आजही लागतं.

*

तुम्हा सगळ्यांचं वाचलं, आत्ता पहाटेचे चार वाजलेत, बाळ मांडीवर आहे. मी अजून कुणाशीच बोललेले नाही. सहाव्या आठवड्याच्या लसीला गेले होते तेव्हा समोरच्या खुर्चीवर हिरवी ओढणी घेतलेली एक जण होती, तिचं बाळही एवढंच होतं. ती दोनदा माझ्याकडे बघून हसली आणि मी खाली मान घातली. बाळ परवा सात आठवड्यांचं झालं. दहाव्या आठवड्याची तारीख एकोणीस दिवसांवर आहे. त्या दिवशी मी लवकर जाऊन बसणार आहे, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून.