‘गियर नाही तर रेट नाही’ हे ठरवलं कुणी?

शटरभाऊ (पुणे)
परवा आमच्या लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या शूटर लोकांच्या ग्रुपवर एका सीनियरने लिहिलं, “ज्याच्याकडे सोनीचा एफएक्स थ्री कॅमेरा नाही त्याने दिवसाला पाच हजारांच्या वर तोंड उघडू नये. आधी हप्त्यावर कॅमेरा घ्या, मग रेटच्या गप्पा मारा. नवीन पोरांनी मार्केटची वाट लावली.” खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे उलट बोललो असतो तर सीझनची कामं गेली असती, म्हणून इथे लिहितोय.

साहेब, जरा गियरचा, म्हणजे सामानाचा, हिशेब करा. नुसती कॅमेऱ्याची बॉडी तीन लाखांच्या वर. चोवीस-सत्तर आणि पंच्याऐंशीची लेन्स, कॅमेरा स्थिर ठेवणारं गिंबल, कार्डं, बॅटऱ्या, लेपल माईक असं धरत गेलं की सहा लाख सहज होतात. कॅमेरा तीन वर्षं चालवायचा तर वर्षाला दोन लाख. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, पौषात पार्टी नाक मुरडते. वर्षाला भरलेले साठ दिवस मिळाले तरी नशीब. म्हणजे दिवसाला तेहतीसशे रुपये नुसते लोखंडाचे. तुमच्या पाच हजारांतून उरले सतराशे. त्यात असिस्टंट, पेट्रोल, आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत पंधरा तास उभं राहणं. त्यापेक्षा त्याच कार्यालयात वाढप्याचं काम बरं, निदान वेळेवर जेवण मिळतं.

माझं म्हणणं इतकंच: माणसाचा रेट वेगळा, कॅमेऱ्याचं भाडं वेगळं, एडिट वेगळं, कन्व्हेन्स वेगळा. बिलात चार ओळी लिहा. माझ्याकडे स्वतःची सोनीची ए सेव्हन फोर बॉडी, एक पस्तीसची लेन्स आणि चांगला माईक आहे. कंपनीच्या कामाला कुणी एफएक्स थ्रीच हवी म्हणालं तर भाड्याने आणतो आणि भाडं बिलात लावतो. माझ्या मजुरीचा कॅमेऱ्याच्या मॉडेलशी संबंध काय?

मिरजेचा ट्रायपॉड
पुण्यात बसून छान लिहिता येतं हो. इकडे दाट तारखेला भाड्याने बॉडी मागून बघा. पुण्याहून बसच्या डिकीतून येते, डिपॉझिट वेगळं, आणि आल्यावर कळतं की एकच बॅटरी पाठवली आहे.

दुसरं, बिल फोडून दाखवायचा प्रयोग मी केलाय. पार्टी म्हणाली, “कॅमेऱ्याचे पैसे कापा, आमच्या मेहुण्याकडे कॅमेरा आहे, तो घेऊन शूट करा.” मेहुण्याचा कॅमेरा म्हणजे किट लेन्सवाला एंट्री लेव्हल, कार्डावर गोव्याचे फोटो. आता द्या उत्तर.

आणि आमच्याकडे पार्टी कॅमेऱ्याचा आकार बघते. छोटा मिररलेस कॅमेरा घेऊन गेलो की मुलीचा मामा विचारतो, “मोठा कॅमेरा कुठाय?” म्हणून मी जुना खांद्यावरचा कॅमेरा स्टेजसमोर स्टँडवर लावून ठेवतो. त्यात बॅटरीसुद्धा नसते. मामा खूश. तेव्हा गियरचा रेटशी संबंध नाही वगैरे पेठेत सांगा.

जुना व्हीएचएस
पीडी १७० या कॅसेटच्या कॅमेऱ्यावर मी किती वर्षं लग्नं केली विचारा. त्यानंतर एमडी १००००. कॅसेट टाकली की काम सुरू. एक कॅमेरा घेतला की पोराची शाळा संपेपर्यंत चालायचा. २००८ला ती कॅननची फाइव्ह डी मार्क टू, व्हिडिओ काढणारा फोटोचा कॅमेरा, आली आणि तेव्हापासून ही दर दोन वर्षांची नाटकं. मागचं धूसर दिसलं पाहिजे म्हणे! मागे आत्या बसलेली असते, तिला धूसर केलं की ती फोन करून विचारते मी कॅसेटमध्ये का नाही.

अंतरपाट (नाशिक)
काका, आत्याचा मुद्दा मान्य. बाकी नाही.

शटरभाऊंशी अर्धी सहमत. मॉडेल महत्त्वाचं नाही, पण गियर अजिबात महत्त्वाचं नाही असं कुणी नवीन पोरांना सांगू नका. एकाच वेळी दोन कार्डांवर रेकॉर्ड करायला दोन स्लॉट नसलेली बॉडी घेऊन लग्नाला जाणाऱ्याने रेट मागूच नये, या मताची मी आहे. सेकंड शूटर म्हणून आलेल्या एका मुलाचं कार्ड सप्तपदीनंतर करप्ट झालं. एक स्लॉटची बॉडी. ‘शुभमंगल सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, त्या क्षणाचा त्याच्याकडे असलेला क्लोजअप गेला. तो काही रीटेक होत नाही.

आणि एलईडी वॉल! डेकोरेशनवाल्याने नवरा-नवरीच्या मागे भिंत लावली की अर्ध्या लोकांच्या फुटेजमध्ये आडवे पट्टे फिरतात. आपल्याकडे वीज पन्नास हर्ट्झची, तेव्हा सेकंदाला पंचवीस फ्रेम आणि एक-पन्नासांश सेकंदाचा शटर ही सुरुवात. बहुतेक लाइटिंग तेवढ्यावर शांत होतं. वॉल तरीही ऐकत नसेल तर शटर बारीक-बारीक सरकवून पट्टा कुठे थांबतो ते बघायचं. यासाठी लाखांची बॉडी लागत नाही, कार्यालयात तासभर आधी जावं लागतं. त्या तासाचे पैसे मागा की.

(जाता जाता: मी रेट सांगितला की “मॅडम, मेन शूटर कोण येणार?” हा प्रश्न येतोच. त्याला कुठली लेन्स लावू?)

वधूपिता
मी तुमच्या व्यवसायातला नाही, पण वाचून राहवलं नाही. तुमचे रेट काय असायचे ते असोत. माझ्या मुलीच्या लग्नाला आठ महिने झाले. तीन मिनिटांचा टीझर मिळाला, त्यात अडीच मिनिटं नवरीच्या मेंदीवरून कॅमेरा फिरतोय. माझी आई त्या लग्नात शेवटची सगळ्यांना भेटली. तिचं जेवढं चित्रण असेल तेवढं सगळं हवं आहे. पूर्ण फुटेज हार्डडिस्कवर मागितलं तर शूटर म्हणतो, “रॉ (एडिट न केलेलं फुटेज) देत नाही, आमचा कॉपीराइट आहे.” माझ्या घरच्या लग्नाचा कॉपीराइट त्याचा?

शटरभाऊ
काका, आजींबद्दल वाईट वाटलं. पण रॉ न देण्याला कारणं आहेत. आम्ही एस-लॉगमध्ये, म्हणजे रंग नंतर एडिटमध्ये चढवायच्या मोडमध्ये, शूट करतो, ते राखाडी दिसतं. पार्टीला दिलं की “रंग उडालेत” म्हणून फोन. मग कुणीतरी भाचा मोबाईलवर गाणं चिकटवून रील टाकतो आणि खाली आमचं नाव. फोकस शोधताना हललेले शॉट, असिस्टंटला दिलेल्या शिव्या, सगळं त्यात असतं. रॉ हा आमचा माल आहे. हवा असेल तर वेगळा रेट.

ताळेबंद
शटरभाऊ, तुमचा पहिला लेख आवडला होता. पण ‘आमचा माल’ हे कायद्यात टिकायचं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७, उपकलम बी वाचा. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला किंवा चित्रीकरण केलं, तर उलट करार नसल्यास पहिला मालक काम सांगणारा. म्हणजे काका. तुम्ही लेखी काही केलं असेल तर गोष्ट वेगळी. केलंय का? व्हॉट्सॲपवर “दादा तारीख ब्लॉक करतो, टोकन पाठवा” याला करार समजत असाल तर कठीण आहे.

शटरभाऊ
म्हणजे मी पंधरा तास उभं राहून काढलेली फ्रेम माझी नाही? कमाल आहे. उद्या म्हणाल कार्डसुद्धा काकांचं.

ताळेबंद
कार्ड तुमचं. कॉपीराइट वेगळा आणि फाइल हातात देण्याचा व्यवहार वेगळा. न वापरलेला प्रत्येक शॉट दिलाच पाहिजे असं कायदा म्हणतो, असा माझा दावा नाही. पण ‘कॉपीराइट आमचा’ हे कारण पुढे करू नका, एवढंच. ते वापरून तुम्ही परवानगीशिवाय लोकांची लग्नं स्वतःच्या पेजवर जाहिरातीला टाकता, तेही बसत नाही.

मिरजेचा ट्रायपॉड
आता मजा आली. बिलाच्या चार ओळी लिहायला सांगणाऱ्याकडे कराराची एक ओळ नाही.

शटरभाऊ
तुझ्या बॅटरी नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा बरं. तो तर सरळ फसवणूक आहे, मामाला कळलं तर स्टँडसकट बाहेर काढेल.

मिरजेचा ट्रायपॉड
मामाने चार लग्नं दिली त्यानंतर. तुझ्या पेजला लाइक किती, ऑर्डरी किती, ते एकदा सांग.

टाइमलाइनवाली
भांडून झालं असेल तर बोलू का? तुम्हा सगळ्यांची लग्नं शेवटी माझ्यासारख्या एडिटरच्या टेबलावर येऊन पडतात.

ऑल-इंट्रावर, म्हणजे प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणाऱ्या जड फॉरमॅटवर, पंचवीस फ्रेमला, २५० एमबीपीएस लावून तुम्ही सगळं लग्न काढता. तासाला शंभर जीबीच्या वर डेटा. तीन कॅमेरे, हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन. भटजी पळी-पंचपात्र मांडतायत त्याचे चाळीस मिनिटांचे सलग शॉट कुणासाठी? तो डेटा आठ महिने माझ्या डिस्कवर बसतो, त्याचं भाडं कुणाच्या बिलात लिहिलंय? इथे एवढी मोठी रेटची चर्चा झाली, एडिटवर शटरभाऊंनी ‘वेगळं’ एवढा एक शब्द खर्च केला. प्रत्यक्षात फोनवर सगळे एकच बोलता, “ताई, टीझर त्यातच धरा.”

काका, तुमचा व्हिडिओ का अडकला असेल ते सांगते. एडिटरचे पैसे थकले असतील. शूटर पार्टीकडून शेवटचा हप्ता आल्याशिवाय मला देत नाही, आणि पार्टी व्हिडिओ मिळाल्याशिवाय हप्ता देत नाही. तुमचा हप्ता बाकी आहे का?

वधूपिता
पंचवीस हजार बाकी आहेत. अल्बम आणि व्हिडिओ मिळाल्यावर द्यायचे असं ठरलं होतं. त्यात माझं काय चुकलं?

अंतरपाट (नाशिक)
ठरलं असेल तर काहीच नाही. म्हणून मी तसं ठरवतच नाही. तारखेआधी निम्मे, लग्नाच्या दिवशी उरलेल्यातला मोठा भाग, आणि हातात देताना अगदी थोडे. लोक कुरकुरतात, देतात. रॉ मागणाऱ्याने दोन डिस्क आणून द्यायच्या, कॉपीचा चार्ज आधीच कोटेशनमध्ये. मग कायद्याचा प्रश्नच येत नाही.

एफएक्सवाला
धाग्यात ज्या ‘सीनियर’ला झोडपताय तो मीच. लिंक मिळाली.

शटर, तुझं गणित अर्धवट आहे. तीन वर्षांनी बॉडी-लेन्स विकून पैसे येतात, लेन्सचे तर बरेच येतात. ते वजा केलेस का? नाही, कारण मग आकडा तेवढा भयानक दिसत नाही. आणि भाड्याचं कौतुक मला सांगू नकोस. भाड्याच्या बॉडीत आधीच्या माणसाने कुठल्या बटणाला काय लावून ठेवलंय ते शोधेपर्यंत वरात दारात येते. स्वतःचा कॅमेरा अंधारातही हाताला कळतो. रेट त्याचाही असतो.

मी हप्त्यावर घ्या म्हणतो, कारण मी स्वतः तसा उभा राहिलो. मार्च २०२०ला लग्नं बंद झाली तेव्हा दोन बॉड्यांचे हप्ते चालू होते. बँकेने मोरॅटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत, दिला, व्याज चढतच होतं. बायकोच्या पगारावर काढलं ते वर्ष. त्यानंतर ‘माझ्याकडे कॅमेरा नाही पण रेट आठ हजार’ म्हणणारी पोरं दिसली की डोकं फिरतं.

शटरभाऊ
दादा, हे तुम्ही तिथे लिहिलं असतं तर मीही अंगठा दिला असता. पण याचा अर्थ तर उलटाच निघतो ना? हप्त्याने तुम्हाला बुडवत आणलं, आणि तोच सल्ला बावीस वर्षांच्या पोराला? विक्रीचे पैसे धरले तर तेहतीसशेचे दोन हजार होतील, फार तर अठराशे. पाच हजारांत ते तरी कुठे बसतात?

एफएक्सवाला
पाच हा आकडा असिस्टंट शूटरसाठी होता. तसं लिहायचं राहिलं. सात म्हण. खूश?

शटरभाऊ
फारच उदार झालात. बिल फोडून द्याल का?

ताळेबंद
कंपनीची कामं करणाऱ्यांसाठी एक सांगून जातो, वर कुणी विचारलं नाही तरी. छोट्या उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पेमेंट लांबवता येत नाही, करार नसेल तर १५. आणि एप्रिल २०२४पासून ही मुदत चुकवून थकवलेली रक्कम, ती चुकती करेपर्यंत, कंपनीला आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की तुमचा फोन उचलला जातो. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची घाई नको, लग्नाच्या पार्टीला तो अठरा टक्के नुसता बोजा.

मिरजेचा ट्रायपॉड
साहेब, कायद्याचं कलम दाखवलं की पेमेंट येतं, पुढचं काम येत नाही. एका कारखान्याच्या वार्षिक सभेचं शूट केलं होतं. पत्र पाठवलं, चेक आला, आणि पुढच्या वर्षी स्टँडवर दुसऱ्याच गाववाल्याचा कॅमेरा.

ताळेबंद
तीन-तीन महिने पैसे न देणारं काम गेलं तर जाऊ दे की.

मिरजेचा ट्रायपॉड
तुम्ही नोकरी करता ना?

वधूपिता
माफ करा, मध्येच विचारतो. आज शूटरला फोन केला. अर्धे पैसे लगेच देतो म्हटलं, तर रॉ द्यायला तयार झाला. डिस्क मला आणायला सांगितली आहे. एसएसडी लागेल का साधी चालेल?

टाइमलाइनवाली
साधी चालेल. चार टीबीच्या दोन घ्या, दोन्हीवर कॉपी करून मागा. आणि सगळ्या कॅमेऱ्यांचं मागा काका, रिसेप्शनच्या स्टँडवरचं पण. म्हाताऱ्या माणसांचं खरं बोलणं-हसणं बहुधा त्यात असतं, एडिटला आम्ही ते पहिलं उडवतो.

एफएक्सवाला
स्टँडवरच्यात बॅटरी होती का ते आधी विचारा.