वीज गेली की लॅपटॉपची स्क्रीन मंद का होते? आमच्या सोसायटी ग्रुपवरील चर्चा

सचिव, ए-१०२ (मंगळवार, सायंकाळी ६.४०)
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या गुरुवारी देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत आपल्या भागातील वीजपुरवठा बंद राहणार आहे. जनरेटरवर केवळ लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे चालतील. घरून काम करणाऱ्यांनी बुधवारी रात्रीच आपापली व्यवस्था करून ठेवावी, ही विनंती.

सी-४०२ (सायंकाळी ७.०५)
धन्यवाद. या निमित्ताने माझी एक अडचण मांडते, कारण गुरुवारी तीच आडवी येणार आहे. माझा लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी घेतलेला आहे. चार्जर लावलेला असतो तेव्हा स्क्रीन उत्तम दिसते, परंतु वीज गेली की त्याच क्षणी ती मंद होते. त्याहून विचित्र म्हणजे, पांढऱ्या पानावरून काळ्या पार्श्वभूमीच्या खिडकीत गेले की स्क्रीन हळूहळू आणखी अंधारते, आणि परत पांढऱ्या पानावर आले की तशीच हळूहळू उजळते. ब्राइटनेसची पट्टी मात्र सारा वेळ ८० वरच असते, ती जराही हलत नाही. एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले तेव्हा पॅनल जात आले आहे, बदलावे लागेल, असे सांगण्यात आले. खर्च मोठा आहे, म्हणून होकार देण्यापूर्वी येथे विचारते आहे.

ए-५०१ (सायंकाळी ७.१२)
ताई, मी सगळीकडे डार्क मोड लावून ठेवला आहे. गुरुवारी तुम्हीही तेच करा. काळ्या स्क्रीनला वीज लागत नाही, त्यामुळे बॅटरी जवळपास दुप्पट चालते.

बी-३०४ (रात्री ८.३०)
सी-४०२ साठी लिहितो. कृपया पॅनल बदलण्याची घाई करू नका. पॅनलला किंवा त्याच्या मागच्या दिव्यांना चार्जर लावला आहे की काढला आहे, हे कळण्याचे कारण नाही. दोष पॅनलमध्ये असता तर तो चार्जर लावलेला असतानाही कधी ना कधी दिसला असता, आणि पांढऱ्या-काळ्या पानांच्या तालावर तर तो नक्कीच वागला नसता. तुम्ही जे वर्णन केले आहे ते बिघाडाचे नसून बॅटरी वाचवण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या एका सोयीचे आहे. अडचण इतकीच की ती सोय न विचारता चालू होते आणि तिचा पत्ता ब्राइटनेसच्या पट्टीवर कुठेच लागत नाही.

खात्री करायची असेल तर लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करा, विंडोज येण्याआधी बायोसच्या, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जच्या, पडद्यावर थांबा, आणि तेथे चार्जर काढून दोन मिनिटे पाहत राहा. तेथे विंडोजच्या किंवा ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज लागू नसतात. उजेड स्थिर राहिला तर पॅनल ठीक आहे असे समजा.

आता ही मंदी येते कोठून, ते सांगतो. विंडोज ७ च्या काळात चार्जरवरचा आणि बॅटरीवरचा ब्राइटनेस पॉवर प्लॅनमध्ये वेगवेगळा ठरवता येत असे, त्यामुळे चार्जर काढताच स्क्रीन उतरणे स्वाभाविक होते. विंडोज १० च्या २०१९ मधील १९०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने हे बदलले. तेव्हापासून तुम्ही ठेवलेला ब्राइटनेस चार्जर असो वा नसो, मुळात सारखाच राहतो. म्हणून आजच्या लॅपटॉपवर चार्जर काढताच स्क्रीन उतरत असेल, तर ते पट्टीचे काम नसते, दुसरे कोणीतरी मध्ये हात घालत असते.

तुमच्या बाबतीत मला सर्वात जास्त संशय विंडोज ११ मधील एका पर्यायाचा आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या क्रमाने जाऊन ब्राइटनेसच्या पट्टीशेजारचा बाण उघडा. तेथे ‘चेंज ब्राइटनेस बेस्ड ऑन कंटेंट’ अशी ओळ असेल आणि तिच्यापुढे बहुधा ‘ऑन बॅटरी ओन्ली’ निवडलेले असेल. स्क्रीनवर काळा भाग जास्त असेल तर मागचा दिवा कमी करायचा आणि चित्रातील गडद-फिक्याचा फरक वाढवून ती उणीव झाकायची, असे तिचे काम आहे. तेथे ‘ऑफ’ निवडा. ती ओळ दिसतच नसेल, किंवा ऑफ करूनही फरक पडला नाही, तर तेच काम ग्राफिक्सचे सॉफ्टवेअर करत असणार. इंटेलच्या ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये पॉवर विभागात बॅटरीसाठी ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग्ज’ आहे, आणि एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच कामाला ‘व्हॅरी-ब्राइट’ म्हणतात.

आणखी एक जागा म्हणजे बॅटरी सेव्हर. विंडोज १० मध्ये तो मुळात २० टक्क्यांवर आपोआप चालू होतो आणि ब्राइटनेस उतरवतो. तुमची स्क्रीन मात्र भरलेल्या बॅटरीवरही उतरते आहे, म्हणजे तुमच्याकडे कारण तो नसावा, अर्थात तो कायमचा चालू ठेवला गेला नसेल तर.

सी-४०२ (रात्री ९.२०)
काका, अगदी ‘ऑन बॅटरी ओन्ली’ हेच निवडलेले होते. ऑफ केले, चार्जर काढला, पांढरी आणि काळी पाने आलटून पालटून पाहिली, स्क्रीन जराही हलली नाही. मनापासून आभार. दुकानात उद्याच नकार कळवते. परंतु आता दुसरी काळजी लागली आहे. ती सोय बॅटरी वाचवत होती आणि मी तीच बंद केली, तर गुरुवारी सात तास कसे निघणार? ब्राइटनेस अगदी खाली आणून ठेवू का?

बी-२०३ (रात्री ९.३१)
आमच्याकडे मॅकबुक आहे. त्यात बॅटरीच्या सेटिंग्जमधील ऑप्शन्समध्ये ‘स्लाइटली डिम द डिस्प्ले ऑन बॅटरी’ असे बटण आहे, तेच कारण होते. ज्यांना हवे त्यांनी तपासावे.

बी-३०४ (रात्री ९.५८)
ब्राइटनेस अगदी खाली आणू नका. का, ते हिशेबाने सांगतो, कारण अंदाजाने बोललो तर प्रत्येक जण भीतीपोटी पट्टी शून्याकडे नेईल आणि दिवसभर डोळे ताणत बसेल.

समजा तुमची बॅटरी ५० वॅट-तासांची आहे. लिहिणे, वाचणे, मेल पाहणे अशा हलक्या कामाला संपूर्ण लॅपटॉप मिळून १० वॅट घेतो असे धरू, म्हणजे पाच तास मिळतील. या १० वॅटमध्ये पूर्ण उजेडावरच्या स्क्रीनचा वाटा सुमारे चार वॅट धरा. उजेड निम्मा केला की दोन वॅट वाचले, एकूण खर्च आठ वॅट झाला आणि वेळ सव्वासहा तासांवर गेला. सव्वा तास मिळाला, हे मोठेच यश आहे.

आता तोच लॅपटॉप व्हिडिओ कॉलवर ठेवा. कॅमेरा, आवाज, प्रोसेसर आणि वाय-फाय सतत राबत असल्याने एकूण खर्च २० वॅटवर गेला असे समजू. पूर्ण उजेडावर अडीच तास मिळतील. येथेही तेच दोन वॅट वाचवले तर १८ वॅट होतात आणि वेळ दोन तास सत्तेचाळीस मिनिटांच्या आसपास जातो, म्हणजे मिळाली ती फक्त सतरा मिनिटे. एकाच पट्टीची तीच हालचाल, पण एका कामात सव्वा तास देते आणि दुसऱ्या कामात सतरा मिनिटे. म्हणून गुरुवारी मीटिंग चालू असताना अंधाऱ्या स्क्रीनकडे डोळे बारीक करून पाहू नका. त्या वेळी आपला कॅमेरा बंद ठेवणे आणि ब्राउझरमधील नको असलेली पाने मिटणे यांचा उपयोग बहुधा जास्त होईल. ब्राइटनेस कमी करण्याचे खरे फळ मीटिंग नसताना, शांतपणे लिहिण्या-वाचण्याच्या वेळी मिळते.

पट्टी किती खाली न्यायची, यालाही एक आधार आहे. आपला डोळा प्रकाश सरळ प्रमाणात मोजत नाही. प्रकाश निम्मा झाला तरी तो आपल्याला निम्मा वाटत नाही, बराच अधिक वाटतो. त्यामुळे १०० वरून ६० वर आले तर काही मिनिटांत डोळ्याला सवय होते आणि वीज मात्र चांगली वाचते. ३० वरून १० वर गेले तर वाचणारी वीज थोडी असते आणि डोळ्यांना त्रास जास्त होतो. शिवाय काही पॅनलमध्ये कमी उजेड देण्यासाठी मागचा दिवा फार वेगाने चालू-बंद केला जातो. ते लुकलुकणे नजरेला कळत नाही, परंतु काहींना त्याने डोके दुखते. योग्य जागा शोधण्याची मी वापरतो ती रीत अशी: कोरा पांढरा कागद स्क्रीनशेजारी धरायचा आणि स्क्रीनवरील पांढरे पान त्या कागदाइतकेच उजळ दिसेल येथवर पट्टी आणायची. खोलीतला उजेड बदलला की पुन्हा एकदा पाहायचे. खिडकी पाठीमागे असेल तर तिचे प्रतिबिंब स्क्रीनवर पडते आणि आपण उगाच ब्राइटनेस वाढवतो, म्हणून खिडकी बाजूला येईल असे बसा. बाल्कनीत उन्हात बसण्याचा मोह टाळा, तेथे पूर्ण ब्राइटनेसही अपुरा पडतो आणि बॅटरी तापते ती वेगळीच.

ए-५०१ (रात्री १०.१०)
काका, मग माझ्या डार्क मोडचे काय? मला खरोखर फरक जाणवतो.

बी-३०४ (रात्री १०.२६)
तुझा लॅपटॉप ओलेड स्क्रीनचा असेल तर तुझे म्हणणे बरोबर आहे, कारण त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका जवळपास बंदच असतो. दुप्पट हा आकडा मात्र मी मान्य करणार नाही, कारण स्क्रीनशिवाय बाकीचा लॅपटॉप चालूच असतो. साध्या एलसीडी स्क्रीनमध्ये मागचा दिवा सगळीकडे सारखाच पेटलेला असतो आणि पुढचा थर तो प्रकाश फक्त अडवतो किंवा सोडतो. काळे पान म्हणजे पेटलेल्या दिव्यावर ओढलेला पडदा. दिवा तेवढीच वीज खातो. सी-४०२ कडे जे घडत होते त्यात सॉफ्टवेअर तो दिवाच मुद्दाम कमी करत होते. तुझ्या एलसीडीवरही तीच सोय चालू असेल तर डार्क मोडमध्ये तुला फरक दिसण्याचे ते एक कारण असू शकते. तुझी स्क्रीन सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी, म्हणजे १२० हर्ट्‌झची असेल तर बॅटरीवर असताना ती ६० वर आण, आणि कीबोर्डखालचा दिवाही बंद कर.

आणखी एक गोष्ट सर्वांसाठी सांगतो. बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून अनेकांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची मर्यादा लावलेली असते. एरवी ती योग्यच आहे. बुधवारी रात्री मात्र ती आठवणीने काढा, नाही तर गुरुवारी दिवसाची सुरुवातच पाचव्या हिश्श्याच्या तुटीने होईल. लॅपटॉपच्या केबलवर चालणारा छोटा जोड-मॉनिटर कोणी वापरत असेल तर त्याने तो त्या दिवशी काढून ठेवावा, कारण तो आपली सगळी वीज लॅपटॉपच्याच बॅटरीतून घेतो.

सी-४०२ (गुरुवार, दुपारी २.३५)
काका आणि सर्व मंडळींना कळवते. सकाळी १० वाजून ५ मिनिटांनी वीज गेली तेव्हा बॅटरी १०० टक्के होती. कागद शेजारी धरून पाहिला तर आमच्या हॉलमध्ये ५५ पुरेसे ठरले. मध्ये चाळीस मिनिटांची एक मीटिंग झाली, तिच्यात मी ब्राइटनेसला हात न लावता फक्त कॅमेरा बंद ठेवला. आता २२ टक्के शिल्लक आहे आणि राउटर इन्व्हर्टरवर चालू आहे. उरलेली दोन पाने लिहून मी लॅपटॉप मिटणार आहे. साडेचार तास बसूनही डोळे जड झालेले नाहीत, हे मला विशेष वाटले.

डी-१०१ (दुपारी २.५०)
मी शाळेतून निवृत्त झाल्यापासून संस्कृतच्या ऑनलाइन शिकवण्या घेते, त्यामुळे ही चर्चा लक्षपूर्वक वाचली. माझी तक्रार उलटी आहे. मी ब्राइटनेस वर्षभर सर्वात खालीच ठेवत आले, शिकवणी संपेपर्यंत डोके चढते, आणि तरीही बॅटरी दोन तासही टिकत नाही. माझ्याकडून काही चुकते आहे का?

बी-३०४ (दुपारी ३.१५)
बाई, तुमचे काही चुकत नाही, तुमची बॅटरी थकली असावी. थकलेल्या बॅटरीची उणीव ब्राइटनेस कमी करून भरून निघत नाही. तपासण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे लिहून एंटर दाबा. एक अहवाल तयार होईल आणि तो कोठे ठेवला आहे तेही खाली दिसेल. त्यातील ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे येथे कळवा.

डी-१०१ (दुपारी ३.४०)
नातवाच्या मदतीने केले. पहिला आकडा ४१,००० आणि दुसरा १९,५०० मिलीवॅट-तास आहे.

बी-३०४ (दुपारी ३.५२)
म्हणजे बॅटरीत आता मुळातल्या निम्म्याहून कमी वीज मावते. १० वॅटचा हलका खर्च धरला तरी दोन तासांच्या आतच ती संपणार. स्क्रीनवर दोन वॅट वाचवले तरी तुम्हाला जेमतेम अर्धा तास जास्त मिळेल, आणि शिकवणीत कॅमेरा चालू असल्याने तोही पुरा मिळणार नाही. तेवढ्यासाठी वर्षभर डोकेदुखी सोसू नका. आजपासून ब्राइटनेस कागदाशी जुळवून घ्या आणि बॅटरी बदलून टाका. लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा मॉडेल क्रमांक मला पाठवा. कोणती बॅटरी लागते ते आज रात्रीपर्यंत पाहून सांगतो, आणि ती आली की बसवायला मी स्वतः खाली येईन.